पाहणारा डोळा आणि दिसणारा डोळा

१

डोळ्यांच्या कोपऱ्यांत पडणाऱ्या बारीक रेषा हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. त्वचारोगतज्ज्ञ, औषधनिर्माते, प्रसाधनांचे व्यापारी आणि फार तर समाजशास्त्रज्ञ यांच्या अखत्यारीतला हा विषय. समीक्षकाने त्यात लुडबूड का करावी? माझे उत्तर असे की या रेषा पुसण्याचा जो प्रचंड उद्योग आपल्या देखत उभा राहिला आहे त्याचे मुख्य साधन भाषा हे आहे. मलमाची डबी विकली जाण्यापूर्वी एक शब्द विकला जातो. सुई टोचली जाण्यापूर्वी एक विशेषण टोचले जाते. आपल्या चेहऱ्यात काही उणे आहे हे ज्या स्त्रीला कालपर्यंत ठाऊक नव्हते, तिला ते आधी वाक्यातून कळवावे लागते. शब्दांचे अर्थ इतक्या पद्धतशीरपणे जेथे बदलले जातात त्या व्यवहाराकडे पाठ फिरवून केवळ कविता-कादंबऱ्यांचे परिशीलन करीत राहणे हे समीक्षेला शोभणारे नाही.

या विषयाचा विचार दिल्लीच्या संदर्भात करणे विशेष उचित ठरेल. भारतातील आधुनिक सौंदर्यव्यवसायाची एक राजधानी म्हणून या नगरीकडे पाहता येते. शहनाझ हुसेन यांनी सत्तरच्या दशकात वनौषधींच्या नावाने आपला प्रसाधनव्यवसाय येथे सुरू केला; १९८९ मध्ये वंदना लुथ्रा यांनी 'व्हीएलसीसी' या केंद्राचा पाया येथेच घातला. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी प्रसाधनांना दारे उघडली. १९९४ मध्ये दिल्लीत वाढलेली सुश्मिता सेन विश्वसुंदरी ठरली, त्याच वर्षी ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाली, आणि 'सौंदर्य' या शब्दाला बाजारात नवा भाव आला. आज साउथ एक्स्टेन्शन, ग्रेटर कैलाश, गुरुग्राम, नोएडा या वस्त्यांतून फिरताना त्वचाचिकित्सालयांच्या पाट्या दिसतात. आणि पूर्वी जी चिंता पन्नाशीत शिरणाऱ्या स्त्रीची समजली जाई ती आता पंचविशीतल्या मुलींना 'प्रतिबंधक उपाय' या नावाने पढवली जाते. जी रेष अजून पडलेलीच नाही तिच्यावर उपचार करून घेण्याची ही कल्पना भाषेच्या सामर्थ्याचा केवढा मोठा पुरावा आहे!

२

प्रथम शब्दांकडे वळू. मराठीत 'सुरकुती' हा एकच शब्द हाताला, कपाळाला, गालाला, फार काय, उन्हात पडलेल्या फळाच्या सालीलाही पुरत असे. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातून कानशिलाकडे पसरणाऱ्या रेषांसाठी निराळे नाव आपल्या घरांत कोणी उच्चारीत नसे. इंग्रजांनी त्यांना कावळ्याची पावले म्हटले, आणि हा शब्दप्रयोग इतका जुना आहे की चौदाव्या शतकातील चॉसरच्या 'ट्रॉइलस अँड क्रिसेड' या काव्यातही तो आढळतो. फ्रेंचांना तेथे हंसाच्या जातीच्या बदकाचे पाऊल दिसले. ही नावे थट्टेची असली तरी निरुपद्रवी आहेत. पक्षी येऊन चालून गेला, त्याची पावले उमटली, एवढेच ती सांगतात. जाहिरातीने या रेषांना जी नावे दिली आहेत त्यांचा स्वभाव मात्र वेगळा आहे.

'वाढत्या वयाच्या खुणा' हा मराठी जाहिरातींतला आवडता शब्दप्रयोग घ्या. 'खूण' हा शब्द निरागस आहे खरा. पण त्याच्यामागोमाग 'मिटवा', 'लपवा', 'घालवा' ही क्रियापदे आली की त्याचा अर्थ पालटतो. खुणा मिटवतो तो अपराधी. म्हणजे वय वाढणे हा अपराध आणि चेहरा ही त्याची जागा, असा निर्णय वाक्यरचनेनेच देऊन टाकला जातो. 'समस्या', 'दुरुस्ती', 'संरक्षण', 'लढा' हे शब्द पाहा. काही शब्द दवाखान्यातून आले, काही कारखान्यातून आणि काही रणांगणावरून. आणि या सर्वांवर कळस चढवणारा 'अँटी-एजिंग' हा शब्द: वयाच्या विरुद्ध! जो जगतो त्याचे वय वाढते. तेव्हा वयाच्या विरुद्ध असणे म्हणजे जगण्याच्याच विरुद्ध असणे, हे इतके उघड असूनही आपण तो शब्द निमूटपणे उच्चारतो. अमेरिकेतील 'अल्युअर' या सौंदर्यविषयक नियतकालिकाने २०१७ मध्ये हा शब्द यापुढे आपण वापरणार नाही असे जाहीर केले. ज्यांचा संसार प्रसाधनांच्या जाहिरातींवर चालतो त्यांना या शब्दाची लाज वाटली. आमच्या मराठी पुरवण्यांना ती अद्याप वाटू नये याचा खेद होतो.

संतूर साबणाच्या जाहिरातींनी अनेक वर्षे एकच कथा सांगितली. एक तरुण स्त्री दिसते, पाहणारे तिला अविवाहित समजतात, आणि इतक्यात एक लहान मुलगी 'मम्मी' म्हणत धावत येते. पाहणाऱ्यांचे आश्चर्य हीच त्या स्त्रीची स्तुती. या छोट्या कथेचा आशय काय? आई आईसारखी दिसू नये, हा. मुलीला वाढवण्यात गेलेली वर्षे मुलगी प्रत्यक्ष समोर येईपर्यंत कोणाच्या लक्षात येता कामा नयेत. ज्या संस्कृतीने मातृत्वाची पूजा बांधल्याचा अभिमान मिरवला त्याच संस्कृतीत मातृत्वाचा चेहऱ्यावरचा पुरावा नाहीसा करणे हे यश ठरले, आणि या विसंगतीवर आपण एखादा टीकालेखही लिहिला नाही.

कायद्याची भाषाही वाचण्यासारखी आहे. १९४० च्या औषधे व प्रसाधने कायद्यात प्रसाधनाची जी व्याख्या आहे ती स्वच्छ करणे, सुशोभित करणे, आकर्षकता वाढवणे किंवा 'दिसणे' बदलणे या हेतूंभोवती फिरते. शरीराच्या रचनेत वा कार्यात बदल घडवण्याचा दावा केला की वस्तू औषधाच्या प्रांतात शिरते आणि तिच्याकडून पुराव्याची अपेक्षा होते. यास्तव प्रसाधनाच्या वेष्टनावर 'सुरकुत्या कमी होतात' असे लिहिण्याऐवजी 'सुरकुत्या कमी दिसतात' असे लिहिण्याची चतुराई रूढ झाली. मलमातील स्निग्धांश व पाणी यांनी त्वचेचा वरचा थर काही काळ फुगतो, रेषा उथळ भासते, एवढ्यापुरते ते वाक्य खरेही असते. ग्राहक मात्र 'दिसतात' वाचून 'होतात' असे समजतो. 'होणे' आणि 'दिसणे' या दोन क्रियापदांमधील फटीत हा व्यापार उभा आहे. व्याकरणाची एवढी नफेदार जागा दुसरी सापडणे कठीण.

येथे १९५४ या वर्षाची आठवण होते. त्या वर्षी १२ मार्चला दिल्लीत साहित्य अकादमीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच नगरीत भरले. आणि त्याच वर्षी येथल्याच संसदेने औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा केला. शब्दांचा सन्मान आणि शब्दांच्या फसवणुकीला प्रतिबंध ही दोन्ही कामे नव्या प्रजासत्ताकाने एकाच वर्षी हाती घेतली. पुढे २०२० मध्ये केंद्र शासनाने या कायद्याच्या दुरुस्तीचा जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात त्वचेचा गोरेपणा आणि अकाली वृद्धत्व यांविषयीचे दावेही प्रतिबंधित जाहिरातींच्या यादीत घालावेत असे सुचवले होते. हेतू स्तुत्यच होता. परंतु रोगांच्या पंगतीत 'अकाली वृद्धत्व' येऊन बसले की त्याचा 'काल' कोणी ठरवायचा, हा प्रश्न उरतोच. पस्तिसाव्या वर्षीची रेष अकाली आणि पंचावन्नाव्या वर्षीची सकाल, असे पंचांग कोणाकडे आहे? बाजाराच्या दृष्टीने प्रत्येक सुरकुती अकालीच असते.

३

या रेषा का पडतात, याविषयी वैद्यक जे सांगते ते साधे आहे. पापण्यांभोवतीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी आणि वयोमानाने तिच्यातील कोलॅजेन व इलॅस्टिन हे तंतू क्षीण होतात. धूम्रपानाने ही झीज वाढते. त्याखाली डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू असतो. आपण हसतो, उन्हात डोळे बारीक करतो, तेव्हा तो आकुंचन पावतो आणि त्वचेला घडी पडते. हजारो वेळा पडलेली घडी पुढे तशीच राहते. एखाद्या जुन्या ग्रंथात वारंवार उघडलेल्या पानापाशी पुस्तक आपोआप उघडावे, तशातला हा प्रकार. उन्हापासून त्वचा जपावी, धूम्रपान टाळावे, हा वैद्यांचा सल्ला हिताचाच आहे आणि त्याच्याशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते पुढच्या पायरीशी. या रेषांवरील आजचा सर्वांत प्रसिद्ध उपाय म्हणजे बोट्युलिनम हे विष सूक्ष्म प्रमाणात त्या स्नायूत टोचणे. या विषाचा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावा, कारण त्याच्या आरंभी एक कवी उभा आहे. युस्टिनस केर्नर (१७८६–१८६२) हा जर्मन स्वच्छंदतावादी कवी पेशाने वैद्य होता. त्याच्या प्रांतात बिघडलेले सॉसेज खाऊन माणसे मरत असत. केर्नरने या रुग्णांची लक्षणे बारकाईने नोंदवली, त्या विषाचा प्रयोग स्वतःवरही केला, आणि १८२० व १८२२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मज्जातंतू अतिउत्तेजित झालेल्या रोगांत हेच विष अल्प प्रमाणात उपकारक ठरू शकेल, हेही त्याने ओळखले होते. पुढे दीडशे वर्षांनी अॅलन स्कॉट या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने ते तिरळेपणावर वापरून दाखवले. तिरळे डोळे आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ मध्ये त्यास मान्यता दिली. ज्या रुग्णाच्या पापण्या उघडत नाहीत तो डोळे असून आंधळा. त्याला या विषाने जग परत दिले. पापण्यांच्या अशाच रुग्णांवर उपचार करीत असताना कॅनडातील जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ स्त्रीच्या ध्यानात आले की भुवयांमधील आठ्याही नाहीशा होतात. तिने व तिच्या त्वचातज्ज्ञ पतीने १९९२ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी आणि २०१३ मध्ये डोळ्यांच्या कोपऱ्यांतील रेषांसाठी अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली.

हा प्रवास नीट न्याहाळावा. डोळ्याला पाहता यावे म्हणून जे औषध सिद्ध झाले ते डोळा चांगला दिसावा म्हणून वापरले जाऊ लागले. डोळा हे पाहण्याचे इंद्रिय आहे. त्याची दिसण्याची वस्तू झाली. हे स्थित्यंतर म्हणजे माझ्या मते आपल्या काळाच्या सौंदर्यविचाराचा सारांश होय. आणि दिसणारा डोळा हा प्रायः स्त्रीचाच असतो, पाहणारा दुसरा कोणी.

हे विष मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश अडवते. तीन-चार महिने स्नायू शिथिल राहतो, रेष पडत नाही, आणि मग पुन्हा सुई. आता हा स्नायू कोणता, ते पाहा. फ्रेंच वैद्य द्युशेन याने १८६२ मध्ये मानवी मुद्रेच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. ओठांचे स्नायू हुकमाने हलवता येतात, पण डोळ्याभोवतीचा स्नायू आनंद खरा असेल तेव्हाच साथ देतो, असे त्याचे प्रतिपादन होते. दहा वर्षांनी डार्विनने भावनांच्या आविष्कारावरील आपल्या ग्रंथात द्युशेनच्या छायाचित्रांचा उपयोग केला. काही माणसांना हे डोळ्यांचे हसूही वठवता येते असे पुढील संशोधकांनी दाखवले आहे, आणि नटांना ते पूर्वीपासून ठाऊक होते. तरीही मूळ निरीक्षण अनुभवाला पटणारे आहे. ओठांवरचे हसू शिष्टाचाराचे, डोळ्यांतले हसू मनाचे, हे आपणही म्हणतोच. म्हणजे पुसली जाते ती रेष वार्धक्याची आहे तितकीच हास्याचीही आहे. हसण्याची किंमत न देता हसरा चेहरा मिळवण्याचा हा खटाटोप आहे.

या संदर्भात भरताच्या नाट्यशास्त्राचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. त्याच्या आठव्या अध्यायात दृष्टींचे छत्तीस प्रकार सांगितले आहेत: रसांच्या आठ, स्थायी भावांच्या आठ आणि संचारी भावांच्या वीस. बुबुळांच्या नऊ क्रिया, पापण्यांच्या नऊ, भुवयांच्या सात. ज्या परंपरेने डोळ्याभोवतीच्या एवढ्या लहान प्रदेशाचे इतके तपशीलवार व्याकरण रचले, तिच्या वारसांनी तो प्रदेश बधिर करून घ्यावा याहून करुण विनोद कोणता? आपल्याकडे डोळ्याशी रेष ओढली जात असे. काजळ म्हणजे दुसरे काय? रेष पुसणे हे नवे आहे.

दिल्लीतील राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून गेलेल्या रोहिणी हट्टंगडी यांनी १९८२ च्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा साकारल्या. १९८४ च्या 'सारांश' मध्ये त्या आणि त्याच विद्यालयाचे अनुपम खेर या दोघांनी पुत्रशोकाने खचलेले वृद्ध मराठी जोडपे उभे केले. त्या वेळी दोघांचीही वये तिशीच्या आसपास होती. रंगभूषाकाराने रेषा काढल्या हे खरे. पण त्या रेषांना अर्थ आला तो रेषांखालचे स्नायू जिवंत होते म्हणून. ज्या पिढीतील नटांचे खरे चेहरेच साठीनंतर हलेनासे होतील, त्या पिढीत 'नटसम्राट'मधील अप्पासाहेब बेलवलकरांचा चेहरा कोण उभा करणार, हा प्रश्न आपल्या नाट्यसमीक्षेने विचारला पाहिजे.

४

येथे तीन आक्षेप संभवतात. त्यांचा परामर्श घेणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप परंपरेच्या अभिमान्यांचा: जरेवर विजय मिळवण्याची इच्छा पाश्चात्त्य बाजाराने आणलेली नाही, आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायनतंत्र आहेच. हे खरे आहे. परंतु चरकाने रसायनाची फळे सांगताना दीर्घायुष्य, स्मृती, मेधा, आरोग्य यांच्या रांगेत तारुण्याला बसवले आहे. आजचा बाजार स्मृती आणि मेधा गाळतो आणि तारुण्यातूनही केवळ त्याचा देखावा उचलतो. आणखी एक. च्यवन तरुण झाला, ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले. या कथांत तारुण्याची हाव पुरुषाला आहे. देवयानीला आणि शर्मिष्ठेला आपापल्या सुरकुत्यांचे काय वाटले, हे महाभारत सांगत नाही. पुरूने स्वीकारलेले वार्धक्य अखेर ययाती परत घेतो आणि उपभोगाने इच्छा शमत नाही हे कबूल करतो, म्हणून ती कथा आपल्याला आजही शिकवण्याजोगी वाटते. वि. स. खांडेकरांच्या 'ययाती'ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. ती घराघरांत वाचली गेली आणि घराघरांत विसरलीही गेली, असे आजचे चित्र पाहता म्हणावेसे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो स्त्रीस्वातंत्र्याच्या बाजूने येतो. स्त्रीने स्वतःच्या चेहऱ्याचे काय करावे हे सांगणारे तुम्ही कोण? तत्त्वतः हे मला मान्य आहे. कोणा एका स्त्रीच्या निवडीवर टीका करण्याचा येथे हेतू नाही. पण निवड स्वतंत्र आहे असे केव्हा म्हणता येते? न निवडणारीला दंड होत नसेल तेव्हा. १९८१ मध्ये दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा हा खटला आला. हवाई सुंदरीने पस्तिसाव्या वर्षी, सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास विवाहानंतर किंवा पहिल्या गर्भारपणी निवृत्त व्हावे असे नियम होते. विमानातील पुरुष कर्मचाऱ्याला अठ्ठावन्नपर्यंत सेवा होती. न्यायालयाने गर्भारपणाचे कलम रद्द केले, व्यवस्थापकाच्या मर्जीने मिळणारी मुदतवाढही रद्द केली, पण पस्तिसाव्या वर्षाची निवृत्ती त्यानेही घटनाबाह्य मानली नाही. पस्तीस! म्हणजे ज्या वयात कोपऱ्यातील रेषा दिसू लागतात, नेमके ते वय. आज असे नियम लिहिले जात नाहीत. ते न लिहिता पाळले जातात. वृत्तनिवेदिका, स्वागतिका, अभिनेत्री यांना आपली रेष ही आपल्या पगाराशी बांधलेली आहे हे ठाऊक असते. पुरुषाच्या त्याच रेषांना 'भारदस्त' हे विशेषण फुकट मिळते. अशा परिस्थितीत सुईला स्वातंत्र्य म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

स्वातंत्र्याच्या या चर्चेत आणखी एक स्त्री विसरली जाते. गुरुग्रामच्या आणि नोएडाच्या उत्तुंग इमारती ज्यांनी उभ्या केल्या त्या मजूर स्त्रियांच्या डोळ्यांभोवती तिशीच्या आतच रेषांचे जाळे पडते. उन्हात डोळे बारीक करून, सिमेंटच्या धुळीत, डोक्यावर विटा घेऊन दिवस काढल्यावर दुसरे काय होणार? ज्या इमारतीच्या तळमजल्यावर सुरकुत्या पुसण्याचे चिकित्सालय थाटले जाते तिच्या बांधकामातच या सुरकुत्या पडलेल्या असतात. त्यांना कोणी 'समस्या' म्हणत नाही, कारण त्यांच्यापाशी पैसा नाही. सुरकुती हा त्वचेचा दोष असता तर तो दोघींचा असता. ती एकीचा दोष आणि दुसरीचे केवळ नशीब ठरते, यावरूनच हा प्रश्न त्वचेचा नसून क्रयशक्तीचा आहे हे सिद्ध होते.

तिसरा आक्षेप आम्हा साहित्यिकांवरचा आहे, आणि त्याला उत्तर नाही. तो स्वीकारलाच पाहिजे. स्त्रीच्या तारुण्याचे हे नाणे प्रथम पाडले ते आमच्या काव्याने. नखशिखान्त वर्णनाची परंपरा, नायिकाभेद, लावणीतील शृंगार, या सर्वांत स्त्रीचा देह एका विशिष्ट वयापाशी थांबलेला आहे. कालिदासाने दशरथाच्या कानाशी आलेल्या पांढऱ्या केसाला दूत केले, त्याच्या तोंडी रामाला राज्य देण्याचा सल्ला घातला. राजाच्या वार्धक्याला असा अर्थगौरव लाभला. राण्यांच्या पिकल्या केसांनी कोणाच्या कानात काय सांगितले, ते कोणी लिहिले नाही. जाहिरातकाराने आमच्याच उपमा उचलल्या आणि त्यांना किंमतीची चिठ्ठी लावली. त्याला दोष देताना या वारशाचा हिशेब लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

५

परंतु साहित्याचा वारसा एवढाच नाही, आणि समीक्षेचे काम दुसरा वारसा पुढे आणण्याचे आहे. पाली भाषेतील थेरीगाथेत वैशालीच्या अंबपालीची गाथा आहे. एके काळची ही विख्यात गणिका वृद्धपणी स्वतःच्या देहाचे वर्णन करते. केसांपासून आरंभ करून ती खाली पावलांपर्यंत येते; एकेक अवयव पूर्वी कसा होता आणि आता कसा आहे ते सांगते. रत्नांसारखे तेजस्वी डोळे जरेने मंदावले, भुवया वळ्या पडून खाली लोंबल्या. क्रम नखशिखान्त वर्णनाचाच आहे, पण येथे वर्णन करणारा पुरुष नाही. स्त्रीच पाहते आहे आणि स्त्रीच वाचते आहे. त्या गाथेत विलाप नाही; सत्य ओळखल्याची शांती आहे. दिसणारा डोळा पुन्हा पाहणारा होतो, त्याचा हा आपल्या भूमीतील अतिप्राचीन पुरावा होय.

आधुनिक काळातही हा प्रवाह आटलेला नाही, आणि त्याची दोन ठळक उदाहरणे दिल्लीचीच आहेत. कृष्णा सोबती यांच्या 'समय सरगम' या २००० मधील कादंबरीत अरण्या आणि ईशान ही वृद्ध माणसे या महानगरात आपला उतरता काळ जगतात. तेथे वार्धक्य ही समस्या नसून जगण्याची एक स्वतंत्र लय आहे. दिल्लीनिवासी गीतांजली श्री यांच्या २०१८ मधील 'रेत समाधि'ची नायिका ऐंशी वर्षांची आहे. भिंतीकडे तोंड करून पडलेली ही विधवा उठते आणि सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते. २०२२ मध्ये या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक लाभले. ऐंशी वर्षांची स्त्री कथानकाच्या केंद्रस्थानी बसू शकते, एवढेच नव्हे तर ते हलवू शकते, हे जगाने मान्य केले. मराठीत दुर्गा भागवत आणि इंदिरा संत यांची वार्धक्यातील छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या चेहऱ्यांतून रेषा वजा करून दाखवा म्हटले तर काय उरेल? आणि १९५४ नंतर एकाहत्तर वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, मराठी साहित्य संमेलन पुन्हा दिल्लीत भरले तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी वयाची ८५ वर्षे पूर्ण केलेल्या, लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर होत्या. जात्यावरच्या ओव्यांतून बोलणाऱ्या अनाम स्त्रियांना ज्यांनी विद्वत्तेच्या दरबारात आणले, त्यांचे ते पद वयाला असूनही मिळालेले नव्हते; त्या वयाने कमावलेल्या जाणतेपणामुळे मिळालेले होते.

आपल्या भाषेपाशी याला लागणारी सामग्री तयार आहे. 'वृद्ध' हा शब्द 'वाढणे' या अर्थाच्या धातूपासून आला. वृद्ध म्हणजे वाढलेला. ज्ञानवृद्ध, तपोवृद्ध, वयोवृद्ध असे त्याचे मानाचे समास आहेत. 'चार पावसाळे अधिक पाहिलेले' माणूस आपण सल्ल्यासाठी गाठतो. 'माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत' असे म्हणून आपण अधिकार सांगतो. केसांना लाभलेला हा मान सुरकुतीलाही मिळवून देणे हे आता लेखकांचे काम आहे.

समीक्षेकडून माझ्या अपेक्षा दोन आहेत. जाहिरात हा आज सर्वाधिक वाचला जाणारा मराठी गद्यप्रकार आहे. विद्यापीठांतील मराठी विभागांनी तो अभ्यासक्रमात घ्यावा, आणि विद्यार्थ्याने कवितेची ओळ ज्या काटेकोरपणे तपासावी त्याच काटेकोरपणे मलमाच्या वेष्टनावरचे वाक्य तपासावे. दुसरी अपेक्षा संपादकांकडून, अनुवादकांकडून आणि जाहिरातींचा मराठी मजकूर लिहिणाऱ्यांकडून: 'समस्या', 'वयाच्या खुणा मिटवा', 'अँटी-एजिंग' हे शब्द त्यांनी नाकारावेत. शब्द बदलत नाहीत असे कोणी म्हणू नये. १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' या नावाने विकल्या गेलेल्या मलमाला २०२० मध्ये आपल्या नावातील 'फेअर' काढून टाकावा लागला. त्याने गोरेपणाचा मोह संपला नाही हे खरे. पण मोहाला राजमान्य नाव उरले नाही, आणि ज्याला नाव देण्याची लाज वाटते त्याचे वर्चस्व ढिले पडू लागते.

त्वचा मऊ राहावी म्हणून कोणी मलम लावील, उन्हात छत्री घेईल, त्याला हरकत घेणारा मी कोण? हरकत आहे ती, जगलेल्या आयुष्याला रोगाचे नाव देणाऱ्या भाषेला. ती भाषा वैद्यकाने सुधारावी अशी अपेक्षा व्यर्थ आहे, आणि बाजाराने सुधारावी ही तर त्याहूनही व्यर्थ. शब्दांचे राखणदार म्हणून ज्यांनी मान घेतला आहे त्यांच्यावरच ती जबाबदारी येते.